बाबांनी बाबांना नापास केलं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेव्हा दीड हात धरून चाल). तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नव्या गाडीला विद्यार्थिनींनी अजून पोचे पाडले नसतील अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे बाबांचं कोपर सुजलंय, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा दिवा फुटलाय आणि माझी लेक सोमवारपासून आजोबांशी बोलत नाहीये. बाकी ठीक.

हे सगळं लेकीच्या होव्हरबोर्डवरून झालं. तू पाहिला असशील. पायाखाली एक आखूड फळी, दोन टोकांना दोन चाकं. पुढे झुकलं की पुढे जातो, मागे झुकलं की मागे. (धरायला काहीच नाही. चाळिशीनंतर आपल्याला आयुष्याची सवय आहे म्हणून त्याचं नवल वाटत नाही.) लेकीने तो चार दिवस चालवला आणि पलंगाखाली ढकलला. तिथून तो बाबांनी बाहेर काढला. का, ते तुला फोनवर सांगितलं नव्हतं. गुडघ्यांमुळे बाबा चार महिने घड्याळवाल्या काकांकडे गेलेले नाहीत. अकरा वर्षं रोज संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा डाव, आणि आता काका खुब्याचं हाड मोडून तळमजल्यावरच्या खोलीत पडून आहेत. मध्ये फक्त ती लांबलचक गल्ली, पण तिच्या तोंडाशी लोखंडी खांब, म्हणजे गाडी जात नाही. फोनवरून खेळून पाहिलं. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बाबांचा घोडा कुठे निघालाय हे काका सोडून सगळ्या इमारतीला कळायचं. चाकांच्या खुर्चीचं मी एकदाच नाव काढलं. म्हणाले, "मी काय पार्सल आहे, कुणी नेऊन पोचवायला? मी गेलो पाहिजे." आणि येत्या रविवारी काकांची मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जातेय.

दुसरा कुणी म्हातारा असता तर गुपचूप फळीवर चढला असता, आणि एक तर पोचला असता नाही तर पडला असता. पण चौतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक म्हणून लोकांच्या परीक्षा घेतलेला माणूस कायदेशीर असल्याशिवाय पडतसुद्धा नाही. त्यांनी मला वाहन परवान्याच्या कार्यालयात पिटाळलं. चार नंबरच्या खिडकीतल्या साहेबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "बसायची जागा कुठाय?" नाही म्हटलं. "मग हे वाहन नाही. वाहन नाही ते रस्त्यावर आणायचं नाही." मग फुटपाथवर? "फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा. याला मोटर आहे. म्हणजे हे वाहन." आत्ताच तर नाही म्हणालात, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला समजावलं, "बाई, रस्त्यावर ते वाहन नाही. फुटपाथवर ते वाहन आहे." (ताई, हे मला तेव्हा पटलं. माझी खरी काळजी ती आहे.) मग चालवायचं कुठे? "घरात चालवा की! घरात आमचं काही म्हणणं नाही." परत येताना चौकातल्या पोलिसाला विचारलं, तर तो हळूच म्हणाला, "मला दिसलं नाही तर चालतं." हे बाबांना सांगायची चूक मी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेटाशी उभं राहून, फळी डोक्यावर धरून, त्याला हाका मारमारून ती दाखवली. तेव्हापासून तो बिचारा आमच्या बाजूला बघतच नाही, आणि चौकातली एक दिशा बिनपोलिसाची झालीये.

मग माहितीपुस्तिका. चार्जिंगला लावून बाजूला जाऊ नये, बॅटरी पेट घेऊ शकते, असं तिच्यात लिहिलंय. झालं. बाबा वाळूची बादली मांडीशी घेऊन फळीसमोर तीन तास खुर्ची टाकून बसायचे, कोपरांना गाद्या, डोक्याला हेल्मेट. बॅटरी भरेपर्यंत स्वतः इतके रिकामे व्हायचे की चालवायचं उद्यावर जायचं. खरं सांगू? मला त्यात बरं वाटत होतं. खिडकीतल्या साहेबांनी नाही म्हटलं, पुस्तिकेने नाही म्हटलं, तेवढी माझी नाही म्हणायची वेळ टळत होती. बापाला नाही म्हणणं किती अवघड असतं, आणि दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेणं किती सोपं.

पण कुणीच परवाना देत नाही म्हटल्यावर सोमवारी बाबांनी स्वतःच परीक्षा घेतली. उमेदवार बाबा, परीक्षक बाबा. खाली पार्किंगमध्ये खडूने इंग्रजी आठचा आकडा काढला, कडेने डॉक्टरीणबाईंच्या कुंड्या मांडल्या, ट्रंकेतून जुनं पॅड निघालं. परीक्षकाने उमेदवाराला आधी वीस मिनिटं ताटकळत ठेवलं (रीतच आहे तशी). मग स्वारी निघाली. पहिलं वळण इतकं सुरेख घेतलं, ताई, की मी आणि लेकीने टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून परीक्षकाने "तोल उत्तम" असं लिहायला मान खाली घातली, आणि त्याच क्षणी उमेदवार डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर जाऊन आदळला. मी उचलायला धावले तर खालूनच ओरडले, "हात लावू नकोस! पंचनामा व्हायचाय." मग कोपराला बर्फ लावून घेत निकाल लिहिला: नापास. चालत्या वाहनावर लेखन, उभ्या गाडीस धडक, आणि शेवटी शेरा, "उमेदवार परीक्षकाशी हुज्जत घालतो." लेक म्हणाली, "आजोबा, तुम्हीच तुम्हाला पास करून टाका ना." त्यावर "वशिला? माझ्याकडे?" म्हणून असे कडाडले की पोर रडतच वर गेली. निकालाखाली नेहमीची ओळ: फेरपरीक्षेस तीस दिवसांनी यावे. रविवार चार दिवसांवर आलाय. मी म्हटलं, बाबा, कागद तुमचा, सही तुमची, तीसचे तीन करा. म्हणाले, "एकदा स्वतःसाठी केले, की इतकी वर्षं ज्यांना परत पाठवलं त्यांना काय तोंड दाखवू?" तेव्हापासून खिडकीशी बसतात आणि गल्लीकडे बघतात.

असो, पत्र लांबलं. तुला उगाच काळजी नको म्हणून थोडक्यातच लिहिणार होते. भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. सहज लिहिलंय असं समजू नकोस. शनिवारी ये, आणि तुझ्या स्कूलचा शिक्का घेऊन ये. परीक्षक बदलला तर तीस दिवसांची अट लागत नाही, असं काल त्यांनी भिंतीला सांगितलं. मी हजर होते एवढंच. घरातला परीक्षक चालत नाही (मी विचारून पाहिलं). त्यांनी तुला तीनदा नापास केलं होतं, तेही सगळ्या रांगेसमोर, हे ते विसरलेले नाहीत. म्हणून तर "थोरली वशिलेबाजी करणार नाही" अशी त्यांची पक्की खात्री आहे. तेव्हा कडक चेहऱ्याने ये, दोन प्रश्न अवघड विचार, आणि पास कर.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तर फळी जागेवर नाही. हेल्मेटही नाही. टेबलावर निकालाच्या कागदावर खाली एक नवी ओळ: "उमेदवार विनापरवाना बाहेर पडला. वेळ साडेपाच. कारवाई परत आल्यावर." मी खिडकीशी धावले. गुडघे जरासे वाकलेले, पाठ ताठ, चालत्या माणसापेक्षाही हळू, असे बाबा गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. खांबांपाशी वळायच्या आधी त्यांनी उजवा हात सरळ बाहेर काढला, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून. मागे कुणीही नव्हतं. तरी हात पुरा वळण होईपर्यंत तसाच होता.

शनिवारपर्यंत थांबू नकोस. परवाना आत्ताच लिहून पाठव. आणि ताई, तारीख कालची घाल.