गुरू ग्रहाचा गोळा न फोडता परत मिळणेबाबत

प्रति,
मा. साहित्य अधिकारी,
तालुका बालविज्ञान प्रदर्शन भांडार,
लोणावळा.

विषय : मयत विद्यार्थिनीने केलेली प्रतिकृती पालकास देणेबाबत.
संदर्भ : पडून असलेल्या प्रतिकृती मोडीत काढण्याची आपली सूचना, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

वरील विषयी अर्ज करतो की, माझी मुलगी यशोधरा, इयत्ता आठवी, हिने जानेवारीत ‘गुरू ग्रहावर माणूस राहू शकेल काय?’ हा प्रकल्प मांडला होता. ती दि. १९ ऑगस्ट रोजी तापाने वारली. प्रकल्प आपल्या भांडारात आहे.

मी यापूर्वी तीनदा आलो. विद्यार्थ्याने स्वतः हजर राहून सही केल्यावरच प्रतिकृती मिळते, असे सांगण्यात आले. मृत्यूचा दाखला दाखवला. वहीत त्यासाठी रकाना नाही. आपल्याकडील सविताताईंनी भल्या मनाने सुचवले की, गोळा मधोमध कापून दोन वाट्या एकात एक ठेवू, म्हणजे जागा अडणार नाही आणि मोडीतही जाणार नाही. त्यांचे आभार. तसे करू नये.

कारण की, गोळ्याच्या आत फुगा आहे. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून गेरूचा तांबडा ठिपका दिला आहे. फुग्यासाठी मी सायकलचा पंप आणला होता. “पंप नगं पप्पा, मीच फुगवती,” असे म्हणून तिने तोंडाने फुगवला. अकरा फुंका लागल्या. सबब आतील हवा तिची आहे. घरी तिचे कपडे आहेत, वह्या आहेत. श्वास तेवढा आपल्याकडे आहे. फुगा एव्हाना आकसून आत बसला असेल, असे तिचे गुरुजी म्हणतात. हवा पट्ट्यांच्या आतच राहिली असेल, असे मी धरून चाललो आहे.

मी स्वतः ग्रामपंचायतीत शिपाई आहे, त्यामुळे नियम मोडा असे म्हणणार नाही. मात्र यशोधरा तेवढ्यापुरती आपल्या कपाट क्रमांक चारमध्ये हजर आहे. तरी हजेरीची अट पूर्ण झाली असे समजून फक्त सही माझी घ्यावी. ऑगस्टपासून मला रडू आलेले नाही. त्याबाबत आपणाकडे काही मागणी नाही.

गोळ्यासोबतच्या तक्त्यावर तिने निष्कर्ष लिहिला आहे : ‘गुरूवर पाय टेकायला जमीन नाही, सगळी हवाच आहे. म्हणून तिथे माणूस राहू शकत नाही.’ या वाक्यास माझी हरकत आहे. तरी अक्षर तिचे असल्याने खाडाखोड करू नये.

सोबत : मृत्यूचा दाखला, प्रदर्शनाची पोच.

दि. ११ नोव्हेंबर २०२५

आपला नम्र,
(सही)
रतन धोंडिबा ओव्हाळ
यशोधराचे वडील
मु. भाजे, ता. मावळ, जि. पुणे