काळ्या कोटातला राजपुत्र

झल्लाक (गल्फ), नोव्हेंबर १९९४

आमच्या हॉटेलात राहणाऱ्या इटालियन राजपुत्राची आई वारली. आज तिकडे दफन, आणि हा काळा कोट घालून इथेच, माझ्या स्विचबोर्डापाशी! मी विचारलं, "साहेब, पासपोर्ट कंपनीकडे अडकलाय का?" आमचे पासपोर्ट कंपनीच ठेवून घेते, आम्हा गल्फवाल्यांना दुसरं काय सुचणार?

म्हणाला, "पासपोर्ट खिशात आहे. पण राजेशाही गेल्यापासून आमच्या घराण्यातल्या पुरुषांना देशात यायला कायद्यानेच बंदी आहे. बहीण दफनाला गेलीय."

स्वतःच्या देशात? राजाच्या नातवाला?

बहिणीने चर्चमधून फोन लावून रिसीव्हर प्रार्थनेकडे धरला. तो काळा कोट इथे रिसीव्हर कानाला लावून ताठ उभा, जनाज्याच्या नमाजाला आपण उभे राहतो तसा. शेवटी रिसीव्हर माझ्या हातात देऊन म्हणाला, "खलास."

हा इथला शब्द त्याला मीच हसत हसत शिकवला होता.