वॉशिंग मशीनबद्दल माझी काहीच तक्रार नाही

टॉडमॉर्डन,
मंगळवार सकाळ (पाऊस चालू आहे, हे वेगळं लिहायला नको)

आदरणीय विनिफ्रेड यांना,

क्लिफर्डचा, म्हणजे आपल्या एकुलत्या एक मेहुण्याचा, मनापासून नमस्कार. कंबर कशी आहे? मांजराचा डोळा निवळला का? व्हिटबीला वारा फार सुटला असेल, जपून असा. मी इकडे उत्तम आहे. अगदी छान चाललंय. (हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय, की परवा कुणी विचारलेलं नसताना पोस्टाच्या पेटीलाच सांगून आलो.) आपल्या मागच्या खोलीत गेले तेवीस दिवस जी पाहुणी उतरली आहे, ती कशी आहे हे मी विचारत नाही. विचारलं तर "सांग त्याला, मी मजेत आहे" एवढंच उत्तर यायचं, आणि ते कळवताना आपल्याला होणारा आनंद मला इथून दिसतो. फक्त तिला एवढं सांगा, की रबराची गरम पाण्याची पिशवी तिच्या निळ्या बॅगेच्या तळाशी आहे. ती तणतणत कोट घालत होती तेव्हा मीच आत सरकवली होती. गारठ्यात तिचा उजवा गुडघा धरतो.

आता मुख्य गोष्ट. गेली सव्वीस वर्षं "हक्काने मागा" हे साप्ताहिक सदर लिहून आपण अर्ध्या यॉर्कशायरला शहाणं केलंत. उरलेलं अर्धं, म्हणजे मी. बहीण सासर सोडून दारात येऊन उभी राहिली, तर दुसऱ्या कुणी तिला चहा दिला असता. आपण चहाही दिलात आणि मला सात मुद्द्यांचा कागदही धाडलात, वर "क्लिफर्ड, एवढं तरी जमेल ना?" अशी आपुलकीची ओळ. जमेल की! समुद्रकिनारी बंगलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं जर एखाद्याला जमतं, तर शेळी होणं मला का जमू नये? त्या सात मुद्द्यांचं मी काय केलं, आणि त्यांनी माझं काय केलं, त्याचा हा वृत्तांत.

आधी मशीनबद्दल. पाहुणीने आपल्याला स्वतःची बाजू मीठमसाला लावून सांगितली असेलच, ही माझी अळणी बाजू. जुलैत आम्ही मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानातून नवीन वॉशिंग मशीन घेतलं. दोन माणसं ते घेऊन आली. बिचारे घामाघूम झाले होते, त्यांची गाडी अख्खा रस्ता अडवून उभी होती आणि तिच्या मागे एक मोटार खोळंबली होती. "जोडून देतो साहेब," असं ते म्हणाले, पण मी म्हटलं, छे छे, तुम्हाला पुढची घरं आहेत, मी करतो. त्यातला जाडा दारात वळून मशीनच्या मागच्या बाजूचं काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, हो हो, कळलं सगळं, निघा तुम्ही, थँक्यू. मशीन मी स्वतः जोडलं. कपडे झकास धुतले गेले, पण पिळायची वेळ आली तसं ते थरथरलं, गुरगुरलं आणि चालायला लागलं. हो, चालायला. सिंकपासून निघून मागच्या दारापर्यंत गेलं आणि दार अडवून उभं राहिलं. आम्ही दोघं त्या वेळी अंगणात होतो, म्हणून पुढच्या दाराने, शेजारणीच्या कुंपणावरून, घरात यावं लागलं.

एव्हरिल, म्हणजे आपली पाहुणी, म्हणाली, "उद्या दुकानात जा आणि सांग." मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. तोवर पिळायच्या वेळी कुणीतरी वर बसलं की झालं. आता बसणार कोण? माझी पाठ आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा अकरा आठवडे, दर सोमवारी आणि गुरुवारी, एव्हरिल हातात चहा घेऊन मशीनवर बसली. "क्लिफर्ड," ती वरून हादरत म्हणायची, "मी ए-को-ण-सत्तर वर्षांची आहे." मी म्हणायचो, जाईन गं या आठवड्यात. आणि मग तो सोमवार आला. तुमच्या आईचा गुलाबवेलीचा कप तिच्या हातातून सुटला आणि फरशीवर त्याचे चार तुकडे झाले. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. तिने तुकडे गोळा करून रुमालात बांधले आणि म्हणाली, "हे मशीन ज्या दिवशी घराबाहेर जाईल, आणि तुझ्या तोंडून तक्रार होऊन जाईल, त्या दिवशी मी घरात येईन. माझ्या तोंडून नाही, विनिफ्रेडच्या तोंडून नाही. तुझ्या!" तेवीस दिवस झाले त्याला.

आपल्याला प्रश्न पडेल, एवढं जड काय आहे त्यात? विनिफ्रेड, आमच्या घराण्यात आजवर एकदाच तक्रार झाली. स्कारबराच्या एका हॉटेलात माझ्या वडिलांनी गार सूप परत पाठवलं. आई पुन्हा कधी त्या गावाला गेली नाही. नातेवाईक त्या गोष्टीबद्दल आवाज खाली करून बोलायचे. त्या बीजाचं मी फळ. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडे ती सख्खी आत्या होती, माळ्यावरच राहायची.

तर आपला मुद्दा पहिला: "मशीनबरोबर आलेली पुस्तिका वाच." हा मुद्दा मी अपमान म्हणून वाचला आणि सोडून दिला. माणूस चाळीस वर्षं कापडगिरणीत यंत्रांवर काम करतो ते काय पुस्तिका वाचायला? (पुस्तिका स्वयंपाकघरातल्या खणात आहे. बाकीच्या तेवीस पुस्तिका, मेलेल्या बॅटऱ्या आणि कशाचीच नसलेली एक किल्ली तिच्या सोबतीला आहे.) मुद्दा दुसरा: "जमीन समपातळीत आहे का ते पाहा." पाहिली. नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची फरशी मुळातच नदीकडे उतरलेली आहे, सगळा दोष तिचाच, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. एका पायाखाली आपल्या सदराची आठ कात्रणं घडी घालून ठेवली. मशीन त्या दिवशी दारापर्यंत न जाता फ्रिजपर्यंतच गेलं. आपल्या लिखाणाचा इतका थेट उपयोग आणखी कुणी केला नसेल.

मुद्दा तिसरा: "आरशासमोर उभं राहून 'मी समाधानी नाही' असं दहा वेळा म्हण." म्हटलं. चौथ्या वेळी आरशातल्या माणसाचा चेहरा इतका पडला, की मी त्याला सॉरी म्हणालो. तरीही गेलो दुकानात. तक्रारीच्या खिडकीपाशी रांग होती. माझ्या पुढच्या बाईंची इस्त्री बिघडली होती, मागच्या गृहस्थांना घाई होती, त्यांना मी पुढे घातलं, त्यांच्या मागच्यांनाही. पाऊण तासाने खिडकीशी पोचलो. दुकानाच्या व्यवस्थापक मिसेस ग्रिमशॉ, भल्या बाई, त्यांनी हसून विचारलं, "काय मग मिस्टर बॅराक्लफ, मशीन कसं आहे?"

"छान आहे," मी म्हणालो, "थँक्यू."

येताना माझ्या हातात त्याच मशीनची पाच वर्षांची वाढीव हमी आणि एक टोस्टर होता. टोस्टर बरा आहे.

आता मुद्दा चौथा. ही आपली गाजलेली रीत, मी ती पाठ केली आहे: "बोलता येत नसेल तर लिहून दे. पाच ओळी. वस्तू कोणती, कधीपासून, दोष काय, काय हवं, किती मुदतीत. सहावी ओळ लिहायची नाही. सहावी ओळ ही नेहमी माफी असते." वा! किती खरं! मी बसलो लिहायला. पण पहिल्याच ओळीत एकदम "वस्तू" म्हणणं मला तुसडेपणाचं वाटलं, म्हणून आधी हवापाण्याचं लिहिलं. मग घेऊन येणारी माणसं किती सज्जन होती ते लिहिलं. दोष सांगताना "मशीन जरा जास्तच उत्साही आहे" असं लिहिलं, आणि "माझी पत्नी आठवड्यातून दोनदा त्यावर बसते, त्यामुळे आमच्या घरात चैतन्य असतं" असंही. मागणीपाशी आलो तेव्हा कागद संपला होता. जेमतेम जागेत "आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व" बसलं. पाचांपैकी एकही ओळ नाही आणि सहावी मात्र ठणठणीत.

ते पत्र आता दुकानात गल्ल्याशेजारी, सोनेरी चौकटीत लावलंय. वर लिहिलंय, "आमचे समाधानी ग्राहक." मिसेस ग्रिमशॉंनी मला फोन करून सांगितलं, की पत्र लावल्यापासून तेच मशीन तिघांनी नेलं. शनिवारी बाजारात एक अनोळखी बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या मिसेस अजून बसतात का हो वर? किती गोड!" मी थँक्यू म्हणालो आणि पुढच्या गल्लीत वळलो.

पाचवा, सहावा आणि सातवा मुद्दा मशीनचे नव्हते. ते बायको नसलेल्या घराचे होते, आणि त्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे. सध्या मी शर्ट आंघोळीच्या टबात धुतो आणि हीटरवर वाळत घालतो. त्याने खिडक्यांना घाम फुटतो आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आपण म्हणता, सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघड. कौन्सिलचं पत्रक म्हणतं, ऊब बाहेर जाऊ देऊ नका. मी दोघांचा मान राखतो. खिडकी उघडतो आणि तिच्यासमोर उभा राहतो. कचऱ्याच्या निळ्या, तपकिरी आणि करड्या डब्यांचं आपलं कोष्टक फ्रिजवर चिकटवलंय, पण ते व्हिटबीचं निघालं, त्यामुळे दोन आठवडे आमच्या दारचा कचरा कुणी उचलला नाही. किटलीतले क्षार काढायला त्यात व्हिनेगर उकळ, असं आपण लिहिलंत. विनिफ्रेड, आमच्याकडचं पाणी इतकं मऊ आहे, की किटलीला क्षार धरतच नाहीत. तरी मी उकळलं. त्याच दुपारी पाद्रीबुवा, एव्हरिल कुठे दिसत नाही म्हणून, चौकशीला आले. त्यांनी दोन कप व्हिनेगरचा चहा प्यायला आणि म्हणाले, "वा, छान!" अशा गावात मी जन्मलो आणि वाढलो. मी काय तक्रार करणार?

असो. सांगायचं एवढंच, की आपले सातही मुद्दे मी अक्षरशः पाळले (पहिला सोडून) आणि त्यांचा कवडीचा उपयोग झाला नाही. हा दोष माझा की आपल्या सदराचा, ते वाचकांनी ठरवावं. माझी मुळीच तक्रार नाही. मी इथे मजेत आहे. कुणाच्याही येण्याजाण्याची मी वाट पाहत बसलेलो नाही.

आपला,
क्लिफर्ड बॅराक्लफ

ता. क. (दुपार): तिकीट शोधायला खण उघडला तर मशीनची पुस्तिका हाताला लागली. तिसऱ्या पानावर चित्र आहे, त्यावर लाल फुली. मशीन गाडीतून नेताना आतलं पिंप हलू नये म्हणून मागे चार लांब बोल्ट लावलेले असतात. सुरू करण्याआधी ते काढायचे असतात. तो जाडा माणूस दारातून हेच सांगत होता. मी पाना घेऊन मशीनच्या मागे गेलो. चार. काढले. मग मशीनमध्ये कपडे टाकले, वर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. पिळणं संपेपर्यंत थेंब सांडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? आपला पहिला मुद्दा बरोबर होता. (हे वाक्य कात्रण करून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

ता. क. दुसरा (चार वाजता): पाय ओढत मिसेस ग्रिमशॉंकडे गेलो, म्हटलं, चूक माझी होती, ती चौकट उतरवा. त्या म्हणाल्या, "अहो, बायको वर बसते म्हणून तुम्ही लिहिलंत, तेव्हाच आम्हाला बोल्टचा संशय आला होता. पण तुम्ही इतके खूश होतात, म्हटलं कशाला उगाच हिरमोड करायचा!" मी म्हणालो, बरोबर केलंत, थँक्यू. चौकट अजून तिथेच आहे.

पण दुकानापासून घरापर्यंत चालत येताना माझं डोकं ठिकाणावर आलं. एका दुकानदार बाईंना वाईट वाटू नये, म्हणून मी माझ्या बायकोला अकरा आठवडे मशीनवर बसवलं. जगात सगळ्यांची भीड धरली, फक्त तिची नाही. याची मला लाज वाटते. आता अडचण अशी, की मशीनमध्ये दोष उरला नाही, तेव्हा ते परत करून तिची अट पुरी करता येत नाही. तक्रार मात्र माझ्या तोंडून व्हायला हवी. म्हणून खालचं तिला वाचून दाखवा. मोठ्याने. आपल्या रीतीप्रमाणे लिहिलंय.

वस्तू: घर, तेरा नंबर, कॅनॉल टेरेस.
कधीपासून: तेवीस दिवस.
दोष: त्यात एव्हरिल नाही. मी समाधानी नाही.
काय हवं: ती. मशीन तिला हवं तर ठेवू, नको तर मी स्वतः कालव्यात ढकलतो. कपाचे चार तुकडे घेऊन ये म्हणावं, डिंक आणून ठेवलाय.
मुदत: शनिवार. लीड्सहून दुपारी गाडी येते, मी फलाटावर उभा असेन.

ता. क. तिसरा: पाचव्या ओळीखाली जे खोडलेलं दिसतंय ते उजेडाला धरून वाचू नका. तिथे "अर्थात घाई नाही, सवडीने, त्रासाबद्दल क्षमस्व" असं लिहिलं गेलं होतं. घाई आहे.