तळ्याच्या लग्नाचा खांब

मी, श्यामराव काशीनाथ ढोमणे, वय एकाहत्तर, सरकारी नोकरीतला निवृत्त ओव्हरसियर, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, आज रविवारी सकाळी बीपीची गोळी, अर्धा कप चहा आणि पेपरातलं शब्दकोडं एवढं सगळं पार पाडून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. वकील हिरालाल म्हणाले, हिंदीत करा, सोपं जाईल. मी म्हटलं, माझी पोरं उत्तरं हिंदीत देतात, पण बोलणी त्यांनी मराठीतच खाल्ली आहेत. तेव्हा मराठीतच.

कलम १. राहतं घर मुलगा अनिमेष आणि मुलगी क्षमा यांना समसमान. विकू नका असं लिहिणार नाही. हैदराबादेत फ्लॅट घेऊन बसलेल्या माणसावर रायपूरच्या उन्हाची सक्ती करता येत नाही. फक्त विकण्याआधी आईच्या मोगऱ्याची एक फांदी क्षमाने घेऊन जावी. पद्मिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन चार वर्षं झाली. मोगरा अजून फुलतो, आणि मला त्याचा रागच येतो.

कलम २. बँकेत जे निघेल ते दोघांत अर्धं अर्धं. पासबुक देवघराच्या खणात आहे. भांडू नये.

कलम ३. लेव्हलचं यंत्र, तिवई आणि पट्टी क्षमाला. ती शाळेत भूगोल शिकवते, पोट्ट्यांना दाखवील. माझी सन २००२ची फील्डबुक मात्र तरियापारा वस्तीच्या समितीला द्यावी. तिच्यात तिथल्या तळ्याची खोली आणि काठ, सगळी मापं माझ्या अक्षरात आहेत. ते तळं आज जागेवर नाही. ते मी बुजवलं.

कसं ते लिहून ठेवतो. छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, बंगल्याबंगल्यात साहेब लोक उतरले. त्यांना गोल्फचं मैदान पाहिजे होतं. शंकर नगरच्या पलीकडे तरियापाऱ्याचं तळं होतं; इकडे तळ्याला तरिया आणि वस्तीला पारा म्हणतात. त्यात शिंगाडे होते, कमळं होती, थंडीत बदकं उतरत. माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिलं, ‘निरुपयोगी डबकं, वापरात नाही.’ त्याच सकाळी घाटावर चाळीस बाया कपडे धूत होत्या. ते वाक्य कोणी माझ्यावर लादलं नव्हतं. साहेबाला काय आवडेल ते मीच ओळखलं. हुशार होतो ना!

तळ्यावर विलायती गवत आलं. त्याला पाजायला बोअर आले, आणि पाऱ्यातल्या विहिरी आटल्या. पंधरा वर्षांनी खेळणारे नव्या मैदानावर निघून गेले, इथं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं. आता सरकारदरबारी असं ठरलं आहे की पाऱ्यातल्या बहुतेक घरांनी होळीच्या आत लेखी सहमती दिली, तर तिथं पुन्हा तळं आणि भोवती देशी गवताचं माळरान करता येईल. नाही दिली तर बाजार-संकुल.

दोन वर्षं मी आणि क्षमा दारोदार फिरून राहिलो. पहिल्या सभेत मी पडद्यावर भूजलाचे आलेख दाखवले. अकरा जण आले, त्यातले चार समोशासाठी. अनिमेष फोनवर म्हणाला, “पापा, कोई नहीं आएगा, छोड़ो ना.” सोडून देणं जमलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं!

कलम ४. शेजारी यशवंतराव यांना, मैदानातलं गाजरगवत उपटताना सापडलेले दोन बादल्या गोल्फचे चेंडू. “म्हातारपणी डबरा खोदायची हौस काहून सुचली याले?” असं ते कॉलनीभर विचारत फिरले. चेंडू धुऊन ठेवले आहेत. घरपोच द्यावेत आणि पोचल्याची सही घ्यावी.

कलम ५. व्हरांड्यातला सरईचा, म्हणजे साल वृक्षाचा, खांब. इकडे तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात. मधोमध सरईच्या लाकडाचा खांब रोवतात, त्याला हळद लावतात, पुढंही सणासुदीला लावत राहतात. लग्न न झालेल्या तळ्याचं पाणी देवाला चालत नाही. तळं बुजवताना तो खांब क्रेनने निघाला. ठेकेदार म्हणाला, “साहब, सौ साल नहीं सड़ेगा, ले जाओ.” माझं घर तेव्हा बांधून होत होतं. मी आणला.

पद्मिनीनं विचारलं, “याले हळद काहून लागली हो?” मी म्हटलं, “आरा मशीनवाल्यानं लावली असंल.” तिला ते पटलं नाही. पण खांब तिनं कापू दिला नाही, म्हणून व्हरांड्याचं छत एवढं उंच, आणि पावसात सगळं पाणी आत. त्या खांबाला पाठ टेकून ती सोळा वर्षं बसली. मटार सोलत बसली, स्वेटर विणत बसली, माझी वाट पाहत बसली. तिच्या डोक्याच्या तेलाचा काळा डाग पडला आहे, फरशीपासून अडीच फुटांवर. मी रोज सकाळी तिथं हात ठेवतो. फार आठवण येते हो. आणि खांब कुठला, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात आम्ही कांताबाई निषाद यांच्या दारात गेलो. त्यांचे सासरे त्या तळ्यात शिंगाडा लावत. पाऱ्यात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी सही केली की सगळे करणार. त्यांनी सहमतीचा अर्ज हातात घेतला नाही. “साहेब, बिहाव के खंभा कहाँ हे? ओकर बिना काय के तरिया?” लग्नाचा खांब कुठे आहे, त्याच्याशिवाय कसलं तळं? मी म्हटलं, “माहीत नाही.” क्षमा शेजारीच उभी होती. खांब ट्रॅक्टरवरून उतरताना तिनं बारा वर्षांची असताना पाहिला होता. घरी आल्यावर ती स्कूटर लावून म्हणाली, “बाबा, तुम्ही खोटं काहून बोलले?” पोरीपुढं मान खाली घालायची वेळ आली.

सबब, माझ्या मृत्यूनंतर हा खांब काढून तरियापाऱ्याला परत द्यावा. (कलम ५ खोडले. कारण पुरवणीत.)

पुरवणी, बुधवार. रविवारी साक्षीदार म्हणून कांताबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. वकिलांनी वाचून दाखवलं की त्यांना आपोआप कळेल, मला तोंडानं सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब. हिरालालनी हिंदीत वाचलं. पाचव्या कलमाला कांताबाई उठून उभ्या राहिल्या. “मरे के बाद काबर? जीयत दे.” मेल्यावर कशाला, जिवंतपणी दे.

मी म्हटलं, छत खाली येईल. त्या म्हणाल्या, “टेका लगा.” मी म्हटलं, मिस्त्री मिळत नाही. त्या म्हणाल्या, “मोर भतीजा मिस्त्री हे.” त्यांचा पुतण्याच मिस्त्री निघाला. मग मी हरलो आणि खरं सांगितलं. छताची काळजी नव्हतीच मला. पद्मिनीची बसायची जागा जाईल, ही होती. मी आहे तोवर ती तशीच राहावी, एवढ्यासाठी मी अख्ख्या पाऱ्याला होळीची मुदत चुकवायला लावणार होतो.

कांताबाईंनी वाकून त्या डागावरून हात फिरवला. म्हणाल्या, “तोर बाई के तेल लगे हे एमा. तरिया ओहू ला राखही.” तुझ्या बाईचं तेल लागलं आहे याला, तळं तिलाही सांभाळील. मी वकिलासमोर ढसाढसा रडलो. हिरालालनी फाइल तोंडापुढं धरली.

दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही, एवढा साधा कायदा मला त्या बाईनं शिकवला. म्हणून कलम ५ खोडले; खोडाखोड माझ्या हातची आहे. काल खांब निघाला. पाऱ्यातल्या आठ जणांनी तो खांद्यावर नेला, ट्रॅक्टर नको म्हणाले. मी मागून शंकर नगरपर्यंत चाललो, पुढं गुडघ्यांनी नाही म्हटलं. खांब जुन्या घाटाच्या पायरीशी ठेवला आहे. पहिली सही कांताबाईंनी केली. रात्री क्षमाचा फोन आला, अर्ज संपले, आणखी छापायला टाकते म्हणाली.

कलम ६. तळं भरेल आणि त्याचं पुन्हा लग्न लागेल, तेव्हा मी नसलो तर दोघं भावंडांनी जावं. रजा नाही, हे कारण अनिमेषकडून चालणार नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, परत वाचलं, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: श्यामराव काशीनाथ ढोमणे
साक्षीदार १: हिरालाल, वकील, पुरानी बस्ती
साक्षीदार २: कांताबाई निषाद, तरियापारा
ठिकाण: चौबे कॉलोनी, रायपूर
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२३

ता.क. व्हरांड्यात आता लोखंडी टेकू आहे. त्याला पाठ टेकून बसू नये, थंडगार लागतो. मी बसून पाहिलं.