एकशे अठ्ठावीसपैकी शहाण्णव

२६ ऑक्टोबर २००१, दसरा
शोभाने कॉम्प्युटर आणून जोडून दिला. नांदेडहून सुटे भाग आणून तिने स्वतः जुळवलेला. दहावीला माझ्या वर्गात होती, पहिल्या बाकावर. आता बसस्टँडमागे तिचं दुकान. शाळेला सहा कॉम्प्युटर घ्यायचेत. कमिटीत मी आहे, म्हणून आधी माझ्याकडे एक चालवून पाहावा असं मीच सुचवलं. हा नीट चालला तर सहाही तिलाच.
सुरू होताना छान सूर निघाला. ह्यांना आवडला असता. ती गेल्यावर पाटावर सगळं मांडून पूजा केली.
वन्सं म्हणाल्या, "नांदेडहून तयार आणायचा सोडून हे काय गं, सुमन?" ह्यांच्यामागे आम्ही दोघीच राहतो, पण त्यांचं नणंदपण अजून तसंच.

३० ऑक्टो.
पत्र टाइप करत होते, वीज गेली. आल्यावर काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि पुढे काही नाही. चार दिवसांत?

१ नोव्हें.
शोभा आली. विंडोज पुसून पुन्हा घातली. सुरू झाला, पण रंग विटके, अक्षरं सुपारीएवढी, आवाज गायब. पडद्यावर यादी काढून तिने पिवळी प्रश्नचिन्हं दाखवली. आतल्या प्रत्येक भागाला चालवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो म्हणे, ड्रायव्हर. ते मदरबोर्डसोबत आलेल्या सीडीत असतात. सीडी घातली. घरघर, घरघर, बंद.
तिने सीडी उजेडात तिरकी धरली. मग माझ्याकडे पाहिलं. मग सीडी कव्हरमध्ये घातली.
"ही वाचून न्हाई राहिली, बाई. दुसरी मागवते."
माझ्याकडे काहून पाहिलं? सीडी ह्याच बोर्डाची आहे ना? की बोर्डच

३ नोव्हें.
मागवलेली येईपर्यंत दुकानातल्या एका सीडीवर करून पाहते म्हणून शोभा कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेली. वन्सं: "नेताना वजन करून घ्यायचं होतंस." मी हसले नाही. डब्यामागचा नंबर आधीच वहीत उतरवून ठेवला होता.

५ नोव्हें.
डबा परत आला. दुकानातली सीडी जुळली नाही म्हणे, आवाज नाहीच. मागचे तीन स्क्रू मळके, चौथा नवा कोरा.
ती असतानाच माहितीचा पडदा उघडून पाहिला. मेमरी शहाण्णव. बिलावर एकशे अठ्ठावीस आहे. पहिल्या दिवशी मी पाहिलीच नव्हती. विचारलं.
"बत्तीस स्क्रीनला दिलेत ना, बाई. ह्या बोर्डात वेगळं कार्ड न्हाई, तो ह्यातलीच मेमरी घेतो. कुठं गेली न्हाई, घरातच हाय."
"आणि हा स्क्रू?"
"जुना घासला होता. बदलला."
प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. खरं बोलणाराही इतकं पटकन बोलतो का?
ती गेल्यावर वन्संनी तिचा कप वेगळा विसळला. "घरातलं उचलायचं आन् घरातच हाय म्हणायचं! असल्यांना आत घेतलं की…" वाक्य अर्धंच सोडलं. मी ते पुरं केलं नाही, आणि खोडलंही नाही.

८ नोव्हें.
कमिटीची मीटिंग. सेक्रेटरींनी विचारलं, "बाई, तुमचा तजुरबा काय, कसा चालला?" मी म्हटलं, "आत्ताच सांगता यायचं नाही. माझ्या मशीनमध्ये मेमरी कमी भरते."
"बराबर. समजलं," म्हणाले. दोघे हसले. सहा कॉम्प्युटरची ऑर्डर नांदेडच्या दुकानदाराला.
मी खोटं काही बोलले नाही.

९ नोव्हें.
मी खोटं काही बोलले नाही, हे काल लिहिलं. आज पुन्हा वाचलं.
लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये माझं फाउंटन पेन हरवलं होतं. सिस्टरनी सगळ्यांत आधी फिलोमिनाची पेटी उघडायला लावली, स्वयंपाकीणबाईंची मुलगी म्हणून. पेन तिच्याकडे नव्हतं. तिने कपडे पुन्हा घडी करून ठेवले, एकेक. मी शेजारी उभी होते. किती गोरी बोटं होती तिची, आणि किती सावकाश

११ नोव्हें.
शोभा नवी सीडी घेऊन आली. दहा मिनिटांत रंग आले, आवाज आला. जुनी सीडी टेबलावरच होती. मी उचलली, उजेडात धरली, ती धरते तशी. चकाकत्या बाजूला गोल गोल ओरखडे, आणि मधल्या भोकाच्या काठाशी लाल रेघ.
कुंकू. दसऱ्याला मीच आरशासारखी बाजू वर ठेवून ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि उत्तरपूजा झाल्यावर पदराने खसाखसा पुसली.
"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"
"व्हय."
"मग बोलली का नाहीस?"
"पूजेचं होतं, बाई. आन् मी म्हणायचं? तुमच्या वन्सं काय म्हणल्या असत्या?"
मग वर न बघता म्हणाली, "मेमरी कमी भरते असं तुमी मीटिंगमधी म्हणल्या का?"
"हो."
तिने वायर काढली, डबा उघडला, आतली मेमरीची हिरवी पट्टी उपसून माझ्या तळहातावर ठेवली. "वाचा."
१२८.
"मोठ्यानं वाचा की, बाई. आत वन्संला पण जाऊ द्या ऐकू."
वाचलं. चहा ठेवते म्हटलं तर थांबली नाही.

१३ नोव्हें.
सेक्रेटरींच्या घरी गेले. "कशाला तकलीफ घेता, बाई? नांदेडला फोन झालाय. ऑर्डरचं पत्र तेवढं जायचंय. शनिवारी बसणार आहोत, बोला, ऐकून घेऊ."
तिथून दुकानात. शोभाला म्हटलं, तूही चल.
"मी न्हाई येत. मी आले तर पोरीनं रडून बाईला आणलं म्हणतील. तुमीच बोलल्या होत्या, तुमीच जा."
वन्संना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चारचौघांत कुंकवाचं सांगणार? हसतील तुला." मी म्हटलं, हसू देत. आणि कप इथून पुढे मी विसळीन, सगळे एकत्र.

१७ नोव्हें., शनि.
बोलले. उभी राहून. कुंकू, सीडी, शहाण्णव, एकशे अठ्ठावीस, सगळं. कोणीतरी म्हणालं, "बाईंनी पूजा जोरात केली!" हशा झाला. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, फाइल मिटली. "पाहू," म्हणाले. पत्र गेलं का, विचारलं, तर पुन्हा "पाहू".
येताना बसस्टँडमागून आले. दुकान उघडं होतं. शोभा कुणाचा तरी डबा उघडून बसली होती. तिने मान वर केली, हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच.
मी काय सांगणार होते? "पाहू"?
पायरीवर उभी राहिले. ती वाट पाहत होती.