नाव तुमची, नाव तुमचं

३ जानेवारी १९६०, सकाळी ८
डहाणूच्या स्टेशन रोडवरचा गाळा आजपासून माझा. होडीत बसलं की मला उलटी होते, म्हणून होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या पोराने ब्रश धरला, असं लोक म्हणतात. साफ खोटं. कलेची ओढ होती. उलटी फक्त निमित्त.
संकल्प: आठ दिवसांत दुकानाचं नाव नक्की करणे. पाटी टांगली की वेणूच्या बापाकडे मागणी. बिनपाटीच्या पेंटरला मुलगी कोण देणार?

११ जानेवारी
'न्यू मॉडर्न आर्ट्स'. शेजारचा नारू शिंपी म्हणाला, दोन्हीचा अर्थ एकच. बरं, 'चंदर अँड सन्स'. म्हणाला, आधी लग्न कर. हसलो. मुलगी ठरलेली आहे, फक्त तिला सांगायचंय.

१७ जानेवारी
वेणू समोरच सुकटीची टोपली घेऊन बसते. चौथी पास आहे. आज आपणहून विचारलं, "चंदरदादा, तुज्या दुकानाला नाव नाय?" दादा लोकांदेखत म्हणावं लागतं. पण चौकशी केली!
दुपारी ३. सुचलं. 'वेणू आर्ट्स'. समोरून वाचेल आणि समजेल. तोंड उघडायची गरजच नाही.

२ फेब्रुवारी
नावाखाली एक झकास ओळ हवी. मोठ्या कंपन्यांची असते. आपली मुख्य गिऱ्हाइकं होडीवाले, म्हणून: 'नाव तुमची, नाव तुमचं, रंग आमचा'. नारूने विचारलं, नाव दोनदा कशाला? समजावलं, एक होडी, दुसरं तिच्यावर लिहायचं नाव. म्हणाला, मग तुझं त्यात काय राहिलं?
शिंप्याशी कलेवर बोलू नये.

२० फेब्रुवारी
ओळ रंगवली. वर 'वेणू'साठी जागा ठेवलीय. आई म्हणते, आधी वेणूच्या बापाकडे जाऊन ये, तिला बघायला माणसं येतायत. आईला ऑइलपेंट किती दिवस वाळतो ते काय माहीत?

६ मार्च
तलासरीहून ऑर्डर! राज्यं वेगळी होणार, म्हणून तिथल्या वाण्याला गुजराती पाट्या मराठीत करून हव्यात. चार दिवस लागतील. आल्याबरोबर मागणी. पक्कं.

११ मार्च
आलो. टोपलीपाशी वेणूची धाकटी बहीण, चंद्रा. म्हणाली, ताईचा साखरपुडा झाला. उंबरगावचा लाहू. स्वतःची होडी आहे.
साखरपुडे मोडतातही.

१२ मार्च
नाही मोडत. फार वाईट वाटतंय. नारूला सांगितलं, टर्पेंटाइनने डोळे चुरचुरतात. बाटलीचं बूचही काढलेलं नव्हतं.

२ एप्रिल
लाहू स्वतः आला. चांगला माणूस आहे, तेच वाईट. नवी होडी केलीय, तिच्यावर नाव घालायचं. "वेणू घाल. मोट्या अक्षरात." साफ नाही म्हणणार होतो. 'कुठला रंग?' असं विचारलं.

५ एप्रिल
होडी खाडीच्या काठाला ओढून ठेवलेली. मी आधी अक्षरं काढतो, शिरोरेघ शेवटी, एका दमात. 'वे' काढला. 'णू' काढला. पाटीसाठी महिनाभर गिरवलेलीच अक्षरं. रेघेला हात उठेना. ब्रश धुऊन निघून आलो.
संकल्प: लाहू भांडायला येईल. सांगायचं, दुसरा पेंटर बघ. अर्धवट तर अर्धवट. तेवढी एक रेघ तरी माझ्याकडे राहील.

६ एप्रिल
लाहू पेढे घेऊन आला. बरोबर वेणू. लाहू खूश. म्हणाला, "उंबरगाव गुजरातेत जानार, आमच्याकडं समदे गुजरातीच वाचतात. न सांगता बरोबर गुजराती लिवलंस!"
रेघ काढली नाही की ही दोन्ही अक्षरं थेट गुजराती होतात. तलासरीत चार दिवस गुजराती अक्षरांवर रेघा ओढत होतो, तरी मला सुचलं नाही.
लाहू पेढे द्यायला नारूकडे गेला. वेणू म्हणाली, "लय बेस काढलंस, चंदरदादा." आजूबाजूला कुणीही नव्हतं.

१ मे, संध्याकाळी
आज उंबरगाव गुजरातेत गेलं. वेणू परवाच लग्न होऊन गेली. डहाणू इथेच राहिलं, मीपण.
पाटी टांगली. वरची जागा कोरी. नारूने विचारलं, नाव कुठाय? म्हटलं, वाळतंय. त्याने चहा पाठवला.
खालची ओळ मात्र बरोबर जमलीय: 'नाव तुमची, नाव तुमचं, रंग आमचा'. एक अक्षरही बदलावं लागलं नाही.