मनगटापर्यंत उंडीचं तेल

आबा, तुमच्या बोटांविषयी लिहायला बसलो आणि पुन्हा पुन्हा आईच्या हातांवर येतोय. पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे डोळे आखायचात, आणि वाताने तुमचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत आखडायचा. त्यावर औषध एकच, उंडीचं तेल. रोह्याच्या पुढे खाडीकाठी आईचं माहेर. तिथल्या उंडीच्या झाडांची फळं ती वाळवून फोडायची आणि आतला गर घाण्यावर देऊन हिरवट काळं तेल काढून आणायची. मामाकडे तेच तेल होडीच्या फळ्यांना लावायचे, पोरांच्या खरजेलाही लावायचे. त्याचा उग्र वास आपल्या घराला कायमचा होता. हंगामात मात्र तुमच्या बोटांना ते चालायचं नाही, कारण तेलाच्या बोटांनी धरलेल्या मूर्तीवर रंग बसत नाही. म्हणून आई कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायची, तुम्ही हात बाहेर करायचात आणि ती खांद्यापासून मनगटापर्यंत चोळायची. मनगटाशी थांबायची. दिवसातून कितीतरी वेळा हे चाले. तिचे तळवे कधी कोरडे नसायचे, त्यामुळे ती कधी आतही नसायची.

एक दुपार आठवते. तुम्ही जेवून आडवे झालाय, मी रंगाच्या वाट्या धुतोय. आई आत येते, पदराला हात पुसते, एक लहान मूर्ती डाव्या तळव्याने पाठीकडून धरते आणि तुमच्या कुंचल्याने डोळे आखते. एका दमात. मग मला विचारते, "बाप्पा बघतोय का रे माझ्याकडं?" मी म्हणतो, "बघतोय." संध्याकाळी त्या मूर्तीच्या पाठीवरचा रंग फुटून आला. तुम्ही सगळ्या कारागिरांदेखत म्हणालात, "तेलकट हात लावू नको गो. तुझं काम उंबऱ्याभायेर." कुणीतरी हसलं. आई म्हणाली, "मी नाय तर तुमचा हात काय बाप्पा चोळणार हाय?" हसू तिच्यावरून तुमच्यावर गेलं, पण ती पुन्हा आत आली नाही. तुम्ही पाठ खरवडून नव्याने रंगवलीत. डोळ्यांना हात लावला नाहीत. ते तिने आखलेले तसेच ठेवलेत, आणि तिला तसं सांगितलं नाहीत.

मी आता रोह्यात एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. उंडीवर सापडेल ते वाचलं. बियांच्या तेलात सूज उतरवणारी द्रव्यं आहेत, जखम भरायलाही ते मदत करतं, असं प्रयोगांत दिसलंय. पण त्यातले बरेच प्रयोग प्राण्यांवरचे, नाहीतर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे. माणसाच्या सांध्यांबद्दल ठामपणे बोलावं इतकं मला मिळालं नाही. मागच्या रविवारी पेणला गेलो तेव्हा आईला हेच सांगत होतो. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "म्हंजे गुण तेलाचा होता?" तिच्या हाताशिवाय ते तेल तुम्हाला कधी लागलंच नव्हतं, मग दोन्ही वेगळं करून सांगणार कसं? पण तिने एवढी वर्षं उंबऱ्याबाहेर काढली होती. कुणीही चोळलं असतं तरी चाललं असतं, असं तिला कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणालो, "तेलाचा थोडा. खरा गुण तुझ्या हाताचा."

तिने शेंगेची शीर ओढून काढली. "व्हय," म्हणाली, "तेपण हेच म्हणायचे. दुसऱ्या कुणाकडून चोळून घ्या म्हटलं, तर म्हणे तुझ्या हाताशिवाय गुण नाय. मग मी उठणार कशी तिथून?"

मी चहा पिऊन निघालो. तुम्ही खोटं बोलत होतात असं मी म्हणत नाही, आबा. मला माहीत नाही. मला वाटलं होतं, मी तिला काहीतरी देतोय. "तेलाचा" एवढंच तिला ऐकायचं होतं का, हे तिलाच विचारायला हवं होतं. तेवढा धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.